तेच गाव, तीच माणसं, पुन्हा एकदा: बदल मोजायचा कसा?

पवनाकाठ

पिंपळे सौदागर हे नाव आज बहुतेकांना फ्लॅटच्या जाहिरातींमुळे माहीत असतं. पिंपरी-चिंचवड महापालिकेतलं उपनगर, हिंजवडीला नोकरी करणाऱ्यांची मोठी वस्ती. पण भारतातल्या खेड्यांच्या अभ्यासात या गावाचं नाव शंभर वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी इथल्या जमिनी, पिकं, कर्जं आणि घरखर्च यांची घरोघर चौकशी केली आणि १९१७ साली अहवाल छापला. मान मुळात रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करत होते, तिथून १९०७ साली पुण्याला आले.

त्यांनी नुसतं त्या वर्षीचं चित्र काढलं नाही, जुनी दप्तरंही उलगडली. १७७१ साली या गावात सरासरी धारण, म्हणजे एका खातेदाराकडची सरासरी जमीन, ४० एकर होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१४-१५ साली ७ एकरांवर. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती, त्यांतले ४६३ तुकडे एकराच्या आतले. मग त्यांनी कुटुंबांचे तीन गट केले: निव्वळ शेतीवर भागतं ते, शेतीला बाहेरच्या कामाची जोड दिली की भागतं ते, आणि दोन्ही करूनही भागत नाही ते. सर्वांत मोठा गट तिसरा निघाला.

पुढे याच गावाची फेरपाहणी झाली. दिसकळकर या अभ्यासकांचा तो अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला. एकाच गावाकडे चार दशकांनी पुन्हा वळून पाहण्याची अशी उदाहरणं आपल्याकडे थोडी आहेत आणि मला ती फार मोलाची वाटतात.

तरीही एक गोष्ट मला सतत टोचते. गाव तेच असलं तरी माणसं तीच असतात असं नाही. ४० एकरांची सरासरी ७ वर आली, पण कोणाची जमीन वाटण्यांत गेली, कोणाची सावकाराकडे गेली, कोण गाव सोडून गेलं, हे सरासरी सांगत नाही. महाराष्ट्राचं आजचं चित्रही तसंच आहे. कृषिगणनेनुसार सरासरी धारण १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ साली १.३४ हेक्टर. चार भावांनी वाटून घेतलेली जमीन आणि मुलीच्या लग्नासाठी विकलेली जमीन या आकड्यात सारख्याच दिसतात.

म्हणून माझं म्हणणं असं की, समाज बदलला हे खात्रीनं सांगायचं असेल तर त्याच माणसांकडे, त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. असे अभ्यास कोणाला माहीत आहेत? त्यांतून काय कळलं? आणि काय कळायचं राहिलं?

कोरडवाहू

तुम्ही गाव सांगितलंत, मी घरं सांगतो. माझं आजोळ मोहोळ तालुक्यात. त्याच तालुक्यातलं शिरापूर, उत्तर सोलापूरमधलं कळमण, अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातली कानझरा आणि किनखेडा, शिवाय तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर. या सहा गावांत हैदराबादजवळच्या पतंचेरूच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या संस्थेनं १९७५ साली अभ्यास सुरू केला.

प्रत्येक गावात ४० घरं निवडली: दहा भूमिहीन मजुरांची, दहा लहान शेतकऱ्यांची, दहा मध्यम, दहा मोठ्यांची. संस्थेचा माणूस गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जायचा. काय पेरलं, किती मजूर लावले, कोणाकडून उसनं घेतलं, धान्य किती विकलं, घरात किती ठेवलं, सगळं लिहून घ्यायचा. वर्षातून एकदाच येणाऱ्या सरकारी पाहणीला शेतकरी वर्षभराचं आठवून सांगतो. इथे महिन्याच्या आत विचारणा होते, त्यामुळे आठवणीतली चूक बरीच कमी होते.

गावंही विचार करून निवडलेली. सोलापूरकडे भारी काळी जमीन, पाऊस लहरी. खरिपात रान मोकळं ठेवायचं आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर शाळू पेरायचा. अकोल्याकडे कापूस, ज्वारी, मूग, उडीद, आणि पाऊस त्या मानानं भरवशाचा. महबूबनगरला हलकी तांबडी जमीन. तीन तऱ्हांची कोरडवाहू शेती, त्यामुळे तुलना करता येते.

या तुलनेतून निघालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेलंगणातल्या गावांत तेव्हा तसं काही नव्हतं. शिरापूर आणि कानझऱ्याच्या भूमिहीनांचं उत्पन्न औरेपल्लीच्या भूमिहीनांपेक्षा कमी हेलकावे खात होतं, आणि अभ्यासकांनी त्याचं श्रेय रोहयोला दिलं. देशभरचा कायदा २००५ साली झाला. त्याच्या कितीतरी आधी ही नोंद वह्यांत होती.

वाईट एवढंच वाटतं की १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर नियमित नोंदी थांबल्या आणि २००१ च्या सुमारास पुन्हा सुरू झाल्या. सोलापूरच्या शिवारात उजनीचं पाणी आणि ऊस पसरला, विदर्भात कापसाशेजारी सोयाबीन आलं, त्यातला बराच काळ नेमका या खंडात गेला. सुरुवात आणि शेवट हाताशी आहेत, पण शेतकऱ्यानं पीक बदलण्याचा निर्णय कोणत्या वर्षी, कोणाचं पाहून, कोणाच्या पैशावर घेतला, ते निसटलं.

रानजाई

कोरडवाहू दादा, या वह्यांवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांचं केवढं काम उभं आहे ते सांगायलाच हवं. मी हे विषय शिकवते.

हान्स बिन्सवांगर यांनी याच गावांमध्ये शेतकऱ्यांबरोबर खऱ्या पैशांचे नाणेफेकीचे खेळ मांडले. कमी पण खात्रीचे पैसे घ्यायचे की जास्त पण बेभरवशाचे, हे माणसानं स्वतः ठरवायचं. त्या काळच्या मजुरीच्या मानानं रकमा मोठ्या होत्या, त्यामुळे कोणी सहज म्हणून उत्तर देत नव्हतं. तोवर असं बोललं जायचं की गरीब शेतकरी भित्रा, म्हणून तो नवं बियाणं, खत घेत नाही. पण रक्कम मोठी झाली की श्रीमंत काय आणि गरीब काय, बहुतेक जण जवळपास सारख्याच सावधपणे वागले. फरक स्वभावात कमी आणि हाताशी भांडवल, कर्ज असण्या-नसण्यात जास्त होता.

रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली औरेपल्ली, शिरापूर आणि कानझरा यांच्या नोंदींवरून दाखवलं की एखाद्या घराचं उत्पन्न एका वर्षी कोसळलं तरी त्याचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा कोसळत नाही, तो बराचसा गावाच्या एकूण खर्चाबरोबर वरखाली होतो. उसनवारी, धान्याचा साठा, नात्यातली मदत हे सगळं मिळून विम्याचं काम करतं. विम्याचं हे छत्र सगळ्यांवर सारखं नव्हतं, भूमिहीनांच्या वाट्याला ते कमी आलं, हेही त्याच नोंदींत दिसलं.

एका वर्षाची पाहणी कितीही मोठी असली तरी यातलं काही दिसलं नसतं. घर यंदा गरीब आहे एवढं कळतं. ते गेल्या वर्षीही गरीब होतं की यंदाच घसरलं, हे कळत नाही. आणि त्या दोघांना लागणारी मदत वेगळी असते.

खेड्यातली_मुक्ता

सगळं आदरानं वाचलं. पण या अभ्यासांत ज्या नाहीशा होतात त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे.

घर हे एकक धरलं की लेक सासरी गेली त्या दिवशी यादीतून तिचं नाव कटतं. तिच्या भावाचं पुढचं आयुष्य वर्षानुवर्षं नोंदलं जातं आणि तिचं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी संपतं. रानजाई ताईंनी ज्या नोंदींचं कौतुक केलं त्यांच्यावरूनच मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली मांडलं की मुली लांबच्या गावांत दिल्या जातात त्यामागे एक हिशेबही असतो. एकाच दुष्काळात दोन्ही घरं सापडू नयेत, अडीनडीला व्याह्यांकडून मदत यावी. मला हा निष्कर्ष पटतो. आमच्याकडे दुष्काळात जनावरं चाऱ्यासाठी सोयऱ्यांकडे पाठवल्याचं आजही सांगतात. पण त्या व्यवहारात जी मुलगी लांब गेली, तिचं काय झालं? तिचा दुष्काळ कोणी मोजला?

दुसरं म्हणजे जे गाव सोडून गेले ते. भूमिहीन माणूस सगळ्यांत आधी निघतो. वीस वर्षांनी त्याच घरांकडे गेलात तर जी टिकली तीच भेटणार, आणि मग गाव सुधारलं असं वाटणार.

कोरडवाहू

मुक्ताताई, तुमचा आक्षेप बरोबर आहे आणि तो अभ्यासकांनाही दिसला होता. स्टीफन डर्कन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ च्या सुमारास १९७५ च्या मूळ घरांतल्या माणसांचा माग काढला, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. सगळे सापडले नसणार हे उघड आहे, पण गावाची शीव ओलांडून माणसापर्यंत जायचं हे तिथे ठरवून केलं गेलं.

मध्यमान

सांख्यिकी हा माझा विषय, म्हणून थोडी भर.

आपण जेव्हा म्हणतो 'वय वाढलं की माणूस असा होतो', तेव्हा बहुतेक वेळा आजचा सत्तर वर्षांचा माणूस आणि आजचा तिशीतला माणूस यांची तुलना करत असतो. त्यात दोन गोष्टी मिसळतात: वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम. जनगणनेत सत्तरीतल्या बायकांची साक्षरता विशीतल्या मुलींपेक्षा खूप कमी दिसते. त्यावरून वय वाढलं की अक्षरं विसरतात असं कोणी म्हणणार नाही, कारण त्या बायकांना शाळेत घातलंच नव्हतं हे आपल्याला माहीत आहे. पण स्मरणशक्ती, स्वभाव, श्रद्धा, राजकीय मतं यांच्याबाबत हीच गफलत सर्रास होते.

अमेरिकेत सिअॅटलला वॉर्नर शाय यांनी १९५६ साली एक अभ्यास सुरू केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांची बौद्धिक चाचणी घेतली आणि दर सात वर्षांनी त्याच लोकांची पुन्हा घेतली, शिवाय प्रत्येक वेळी नवे लोकही जोडले. एकाच वेळच्या तुलनेत वाटत होतं की बुद्धी तरुणपणापासूनच उतरणीला लागते. तीच माणसं पुढे तपासली तेव्हा दिसलं की बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्यापैकी टिकतात. पूर्वीच्या चित्रातली बरीचशी 'उतरण' म्हणजे पिढ्यापिढ्यांमधला शिक्षणाचा आणि परिस्थितीचा फरक होता.

'आजकालची पिढी' हे शब्द ज्या वाक्यात येतात ते प्रत्येक वाक्य या कसोटीवर घासून पाहावं असं मला मनापासून वाटतं. आपण वीस वर्षांचे होतो तेव्हाची नोंद हाताशी असेल तरच ती तुलना खरी.

ओटागोकर

मी न्यूझीलंडच्या डुनेडिन शहराजवळ राहते. इथला अभ्यास जगप्रसिद्ध आहे. १९७२-७३ साली या शहरात जन्मलेली १,०३७ मुलं, आणि आज पन्नाशी ओलांडल्यावरही त्यांच्यातल्या हयात असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक अभ्यासात आहेत. माणूस जगात कुठेही असो, तपासणीसाठी त्याला प्रवासखर्च देऊन डुनेडिनला आणतात. मुक्ताताईंनी विचारलेल्या 'निघून गेलेल्यांचं काय' या प्रश्नाला यांचं उत्तर असं आहे: निघून गेलेल्यालाच परत बोलवा.

३८ व्या वर्षी रक्त, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड अशा कितीतरी मोजमापांवरून शरीराचं वय काढलं तेव्हा एकाच वर्षी जन्मलेल्यांमध्ये ते २८ पासून ६१ पर्यंत आढळलं. हा निष्कर्ष २०१५ साली आला. लहानपणीचा आत्मसंयम आणि पुढचं आरोग्य, आर्थिक स्थिती यांचा संबंधही याच मुलांमध्ये दिसला.

पण हे एका शहरातले, बहुतांशी गोऱ्या घरांतले हजार लोक आहेत. इथले निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडच्या मुलांना लावले जातात ते मला पटत नाही. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या बाळांपासून अशीच परंपरा सुरू झाली, पण तीही त्यांच्या मातीतली. आपल्या बाळांचं असं काही आहे का?

सह्याद्रीसावली

आहे, आणि पुण्याजवळच आहे.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बाई गरोदर राहण्याच्या आधीपासून नोंद करायची होती, म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारायच्या. मी त्या अभ्यासात नव्हते, पण उपकेंद्रावर परिचारिका म्हणून आयुष्य काढलं आहे, म्हणून या कामाचं मोल जाणते. सासूच्या समोर सुनेला पाळी विचारायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच दारात जायचं. त्यासाठी गावाचा केवढा विश्वास लागतो! त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळाचं वजन घ्यायचं तर दुसऱ्या गावाला वेळेत पोहोचायला हवं.

बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं सुमारे साडेतीन किलोंची. पण बारकाईनं मोजल्यावर दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, मात्र त्वचेखालची चरबी त्या मानानं टिकून. दिसायला किरकोळ, पण अंगात चरबी. भारतीयांना कमी वजनातही, तरुण वयात मधुमेह का होतो याचा एक धागा इथे सापडला. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा कळलं की गरोदरपणी आईच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व जास्त असेल तर मुलात इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं जास्त.

मला थक्क करतं ते याच्या पुढचं. मुलं वाढली आणि २०१२ साली त्यातल्याच किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला. म्हणजे मुलगी आई होण्याच्या आधीच तिच्या बाळाचा विचार. आज तिसऱ्या पिढीची बाळं तिथे मोजली जातात.

मुक्ताताई, इथे लेकीचं नाव यादीतून कटलं नाही. अभ्यास तिच्याच भोवती उभा आहे.

खेड्यातली_मुक्ता

ताई, हे वाचून खरंच आनंद झाला. दर महिन्याला दारात जाणाऱ्या त्या कार्यकर्त्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार आवडलं. निष्कर्ष सगळ्यांना माहीत होतात, ही माणसं कोणालाच माहीत नसतात.

गिरणगावकर

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार होते. माझे आजोबा त्यातले एक. त्यातली काही घरं कोकणात, घाटावर परत गेली, काही लालबाग-परळलाच राहिली, काही बदलापूर-विरारकडे सरकली. ती यादी धरून कोणी चाळीस वर्षं त्यांच्या मागे गेलं असतं तर शहर कसं बदलतं हे आपल्याला कळलं असतं. लालबागचे टॉवर पाहून ते कळत नाही.

जुनी_विहीर

माझा प्रश्न मोजायच्या गोष्टींबद्दल आहे. एन. एस. जोधा इक्रिसॅटमध्येच होते. त्यांनी राजस्थानातल्या दोन गावांत वीसेक वर्षांच्या अंतरानं त्याच घरांची माहिती गोळा केली. कागदावर काही घरांचं दरडोई उत्पन्न घटलेलं होतं. पण त्याच लोकांना 'तुम्ही बरं जगणं कशाला म्हणता' असं विचारल्यावर वेगळंच निघालं. आता एकाच जमीनदारावर किंवा सावकारावर अवलंबून राहावं लागत नाही, पायात चप्पल असते, पावसाळ्याच्या तोंडावर धान्यासाठी कोणाच्या दारी जावं लागत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते सुधारले होते.

उत्पन्नाचा आकडा खोटा नव्हता आणि लोकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण नुसता आकडा घेऊन गेलो असतो तर आपण त्या माणसांना गरीब झालेले ठरवून परत आलो असतो. शिवाय, ज्यांना वर्षानुवर्षं प्रश्न विचारले त्यांना त्यांच्याबद्दल काय कळलं ते परत जाऊन कोण सांगतं? गावसभेत उभं राहून, त्यांच्या भाषेत सांगितलं पाहिजे. ते त्यांचं देणं आहे.

पवनाकाठ

जुनी_विहीर, शेवटचं वाक्य पूर्ण पटलं. मान यांचा अहवाल इंग्रजीत, दिसकळकरांचाही इंग्रजीत. पिंपळे सौदागरच्या जुन्या घरांतल्या किती जणांनी तो पाहिला असेल?

मला आता एक करावंसं वाटतं. मोठा अभ्यास आपल्या हातात नाही, पण एका गल्लीची, एका भावकीची तीन पिढ्यांची नोंद आपल्यापैकी कोणीही करू शकतो. सुरुवात कुठून करावी, कागद कोणते शोधावेत, जाणकारांनी सांगावं.

निवृत्त_तलाठी

सांगतो. सातबारा फक्त आजचं दाखवतो. बदल हवा असेल तर फेरफार काढा, गाव नमुना सहा. जमीन वारसानं आली, खरेदीनं आली, की कूळकायद्यानं आली, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेलं असतं. धाग्याच्या सुरुवातीला जो प्रश्न आहे, वाटणी की विक्री, त्याचं उत्तर तिथे मिळतं. १९४८ च्या कूळकायद्यानंतरच्या नोंदी, विशेषतः १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतरच्या (कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं तो दिवस), नीट पाहा. कुळं मालक कशी झाली आणि काही कशी झाली नाहीत, ते त्यात आहे.

जन्ममृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा. शिक्षणासाठी प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. त्यात शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं, ते जरूर टिपून घ्या. जुन्या नोंदी मोडीत असतील तर जाणकार गाठा. बरेचसे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर आले आहेत, आपल्या तालुक्याचे आहेत का ते आधी पाहा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

एक सावधगिरी. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असं नाही. भूमिहीन तिथे सापडणार नाहीत, आणि जुन्या नोंदींत बायका फार कमी सापडतील. हक्कसोड, म्हणजे बहिणीनं आपला हिस्सा लिहून सोडून देणं, झाली असेल तर बहिणींची नावं मात्र फेरफारात मिळतात.

खेड्यातली_मुक्ता

तलाठीकाका, ही हक्कसोडीची गोष्ट मोलाची सांगितलीत. पवनाकाठ, मी माझ्या माहेरच्या आळीपासून सुरू करते. वंशावळ नेहमी मुलांची लिहितात. मी त्या फेरफारांतून आधी बहिणींची नावं काढणार, कोण कुठल्या गावी दिली ते लिहिणार, आणि ज्या हयात आहेत त्यांच्याकडे जाणार. विचारायचे प्रश्न इथेच ठरवू या. माझे तीन: बहात्तरच्या दुष्काळात घरात काय खाल्लं, शाळा कोणत्या यत्तेत आणि कशामुळे सुटली, आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातात पैसे कधी आले. तुमचे सांगा, मी यादीत घालते.